नळही पडद्यात, मोरीही पडद्यात: पेशीपटलातले एन्झाइम आणि एन्डोकॅनाबिनॉइड संदेश

प्रश्न नाशिकच्या एका एम.फार्म. विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: आनंदामाइड आणि २-एजी ही एन्डोकॅनाबिनॉइड द्रव्ये (शरीर स्वतःच बनवते ती गांजासारखी संदेशवाहक द्रव्ये) साठवली जात नाहीत, लागतील तेव्हा पेशीपटलातूनच बनतात, असे सगळीकडे लिहिलेले असते. मग पेशीपटलातले एन्झाइम या संदेशावर नेमका ताबा कसा ठेवतात? विस्टार रॅटच्या मेंदूवर एफएएएच (आनंदामाइड तोडणारे एन्झाइम) मोजायला घेतले तर वाचन शून्याच्या आसपास येते. पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांत आनंदामाइडचा आकडा दर खेपेला वेगळा. आणि शेवटचा, नाशिककरांच्या मनात हमखास येणारा: द्राक्षबागेतल्या फवारणीचा याच्याशी काही संबंध आहे का?

प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच आहे. या यंत्रणेत टाकी नाही. नुसता नळ आहे आणि मोरी आहे, आणि दोन्ही म्हणजे एन्झाइमच. नळ कुठे बसवला, मोरी कुठे काढली आणि कोणती किती वेळ उघडी राहिली, यावरच संदेश ठरतो. तुमचे वाचन बिघडते तेही याच कारणाने. प्राणी मेला तरी हे एन्झाइम काम थांबवत नाहीत.

डोपामिन, सेरोटोनिन वगैरे पाण्यात विरघळणारी द्रव्ये चेतापेशी पुड्या बांधून ठेवते आणि वेळ आली की पुडी फोडते. आनंदामाइड व २-एजी पडले तेलकट. त्यांना पुडीत कोंडता येत नाही, पुडीचा कागदही चरबीचाच. त्यातून झिरपून जातील. म्हणून पेशी तयार माल ठेवतच नाही. पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांमध्ये कच्चा माल गुंफलेला असतो आणि गरज लागली की एन्झाइम तो कापून मोकळा करते. इतरत्र 'स्रवणे' आणि 'बनणे' या दोन पायऱ्या असतात, इथे एकच.

पार्श्वभूमी दोन ओळींत उरकतो. गांजातले टीएचसी ज्यावर बसते त्या सीबी१ रिसेप्टरचे जनुक १९९० मध्ये सापडले. त्यावर बसणारे शरीरातले पहिले द्रव्य १९९२ मध्ये जेरुसलेमच्या गटाने डुकराच्या मेंदूतून वेगळे केले आणि संस्कृत 'आनंद'वरून त्याला आनंदामाइड नाव दिले. २-एजी १९९५ मध्ये इस्राएल आणि जपान इथल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. मेंदूत २-एजीचे प्रमाण आनंदामाइडच्या शेकडो पट असते. पहिले दर ग्रॅमला नॅनोमोलमध्ये मोजतात, दुसरे पिकोमोलमध्ये. हा फरक ध्यानात ठेवा, मोजमापाच्या वेळी उपयोगी पडेल.

२-एजी: वेळ ठरवणारी जोडी

एक सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, डोळ्यांसमोर आणा. अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य सोडले. पलीकडच्या पेशीच्या काट्यावर, संपर्काच्या जागेच्या अगदी कडेला, एमग्लुआर५ हा रिसेप्टर बसलेला असतो. तो जागा झाला की जी-प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज सी बीटा कामाला लागते आणि पेशीपटलातल्या पीआयपी२ या फॉस्फोलिपिडाचे तुकडे होतात. त्यातला डायअसिलग्लिसरॉल हा तुकडा पडद्यातच राहतो. त्याच्या दुसऱ्या कार्बनवर सहसा अरॅकिडोनिक आम्ल असते. आता डायअसिलग्लिसरॉल लायपेज अल्फा, म्हणजे डॅगल अल्फा, पहिल्या कार्बनवरचे आम्ल कापते. उरते ते २-एजी. डॅगल अल्फा चार वेळा पडदा ओलांडून पक्के रोवलेले प्रथिन आहे आणि होमर नावाचे जुळणी-प्रथिन त्याला एमग्लुआर५ च्या शेजारी धरून ठेवते. नळ पाइपाला खेटून बसवावा तसे.

बनलेले २-एजी उलट दिशेने, अलीकडच्या पेशीकडे जाते. तिथल्या सीबी१ वर बसते, कॅल्शियमच्या वाहिन्या आवळल्या जातात आणि ग्लुटामेट किंवा गॅबा (शांत करणारे द्रव्य) सुटणे कमी होते. हा उलटा संदेश २००१ मध्ये एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांनी दाखवला. पलीकडच्या पेशीला काही सेकंद विद्युत-उत्तेजन दिले की अलीकडचा स्राव दबतो आणि काही दहा सेकंदांत पूर्ववत होतो. डॅगल अल्फा काढून टाकलेल्या माउसमध्ये (२०१०) मेंदूतले २-एजी सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि हा दाब नाहीसाच झाला. नळाला झाकणही आहे: कॅमकायनेज २ हे एन्झाइम डॅगल अल्फावर फॉस्फेट चिकटवून त्याची गती कमी करते.

मग हा दाब संपतो कशाने? त्याच अलीकडच्या टोकात मोनोअसिलग्लिसरॉल लायपेज, म्हणजे मॅगल, बसलेले असते. ते २-एजी कापून ग्लिसरॉल आणि अरॅकिडोनिक आम्ल करते. मॅगल अडवले तर तो दाब लांबतो. एफएएएच अडवून तसे होत नाही. २-एजीचा संदेश सेकंदांत मोजायचा, तर त्याचे घड्याळ मॅगलच्या हातात आहे.

इथे एक आकडेवारी नेहमी उद्धृत होते आणि नेहमी चुकीची वाचली जाते. २००७ च्या कामानुसार माउसच्या मेंदूत २-एजी तोडण्याचे सुमारे ८५ टक्के काम मॅगल करते, एबीएचडी१२ सुमारे ९ टक्के आणि एबीएचडी६ सुमारे ४ टक्के. लोक म्हणतात, ४ टक्केवाल्याकडे कशाला बघायचे? पण ही टक्केवारी वाटून घोटून एकजीव केलेल्या मेंदूची आहे. एबीएचडी६ पलीकडच्या पेशीत, नळाच्या तोंडाशीच बसते. तिथे निघणाऱ्या धारेतून किती बाहेर पडू द्यायचे हे ते ठरवते. तालुक्याच्या सरासरी पावसावरून तुमच्या बांधावर किती पडला हे कळत नाही, तशातली गत. एबीएचडी१२ ची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे मुख्य गिऱ्हाईक २-एजी नव्हेच, लायसोफॉस्फॅटिडिलसेरिन आहे, हे २०१३ मध्ये उघड झाले. हे जनुक बिघडले की माणसाला फार्क नावाचा दुर्मीळ चेताविकार होतो: ऐकू कमी येणे, तोल जाणे, दृष्टी जाणे. या एन्झाइमवरचे महत्त्वाचे काम पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतून होत आले आहे. सल्ला हवा असेल तर फार लांब जायला नको.

मॅगलची मोरी कुठे जाते हेही पाहा. परसातल्या केळी-अळूला मोरीचे पाणी सोडतात, तसे मॅगलने मोकळे केलेले अरॅकिडोनिक आम्ल मेंदूत प्रोस्टाग्लँडिनांचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या द्रव्यांचा, कच्चा माल होते. २०११ मध्ये दिसले की मेंदूत तरी या कच्च्या मालाचा मोठा वाटा मॅगलकडून येतो. म्हणजे मॅगल अडवले की २-एजी वाढते आणि दाहाचा माल घटतो, दोन्ही एकदम. तुमच्या प्रयोगात सूज कमी दिसली तर ती सीबी१ मुळे की प्रोस्टाग्लँडिन घटल्यामुळे, हे सीबी१ अडवणारे औषध सोबत देऊन वेगळे काढावे लागते. परीक्षक हा प्रश्न विचारणार, आजच धरून चाला.

आनंदामाइड: नळ एक नाही

आनंदामाइडचा मार्ग पुस्तकात सोपा दिसतो. कॅल्शियम वाढले की एन-असिलट्रान्सफरेज हे एन्झाइम एका फॉस्फोलिपिडाच्या पहिल्या कार्बनवरचे अरॅकिडोनिक आम्ल उचलून फॉस्फॅटिडिलइथेनोलअमीनच्या नायट्रोजनवर चढवते. त्यातून बनते नेप, म्हणजे आनंदामाइडचा कच्चा माल. मग नेप-पीएलडी हे जस्तावर चालणारे, पडद्याला चिकटलेले एन्झाइम नेप कापून आनंदामाइड सोडते. हे एन्झाइम २००४ मध्ये हाती लागले. २००६ मध्ये ते काढून टाकलेले माउस तयार झाले आणि त्यांच्या मेंदूतले आनंदामाइड फारसे हललेच नाही! म्हणजे दुसरे नळ आहेत. त्यांतला एक एबीएचडी४ आणि जीडीई१ यांच्या वाटेने जातो. 'आनंदामाइड कमी करायचे तर नेप-पीएलडी अडवा' असे प्रबंधात लिहू नका.

मोरी मात्र जवळजवळ एकच: फॅटी अॅसिड अमाइड हायड्रोलेज, एफएएएच, बोलण्यात 'फाह'. १९९६ मध्ये याचे जनुक मिळाले, २००२ मध्ये स्फटिकरचना. ५७९ अमिनो आम्लांचे प्रथिन, दोन-दोन मिळून काम करणारे, प्रामुख्याने आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्यात आणि बहुतेक करून पलीकडच्या पेशीत. रचना बघताना एक गंमत लक्षात येते. पडद्यात रुतवणारी एक सोंड आहे, पण ती कापली तरी प्रथिन पडद्याला सोडत नाही, कारण अंगावर चरबीप्रेमी आणखी एक टोपी आहे. त्या टोपीशेजारी एक बोगदा आहे आणि तो थेट पडद्याच्या पोटात उघडतो. आनंदामाइड पाण्यातून फिरत येऊन एन्झाइमला भेटत नाही, पडद्यातल्या पडद्यात सरकत बोगद्यात शिरते. आत सेरिन २४१, सेरिन २१७ आणि लायसिन १४२ असे तिघे मिळून ते कापतात. मोठी हायड्रोलेज मंडळी सहसा हिस्टिडिन वापरतात. लायसिन हे याचे वैशिष्ट्य. आणि त्याच्याशीच त्याची क्षारधर्मी आवड जोडलेली आहे: पीएच ९ ला काम उत्तम. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

पेशीच्या आत, पाण्याच्या भागातून, तेलकट आनंदामाइड एफएएएचपर्यंत नेण्याचे काम एफएबीपी५ आणि एफएबीपी७ ही वाहक-प्रथिने करतात.

एफएएएच फक्त आनंदामाइड तोडत नाही. पाल्मिटॉइलइथेनोलअमाइड, ओलिऑइलइथेनोलअमाइड, ओलिअमाइड हीही त्याचीच गिऱ्हाइके. यांतली पहिली दोन सीबी१ वर बसत नाहीत, पीपीएआर अल्फा या वेगळ्या रिसेप्टरकडे जातात. शिवाय आनंदामाइड स्वतः टीआरपीव्ही१ वरही बसते. हाच तो रिसेप्टर, ज्यामुळे नाशिकच्या मिसळीचा ठसका लागतो. तेव्हा एफएएएच अडवल्यावर वेदना कमी झाली म्हणून लगेच 'सीबी१ मुळे' असे लिहायचे नाही. टीआरपीव्ही१ वर तर परिणाम उलटाही होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरातल्या डब्यात आहे. पॅरासिटामोल यकृतात पॅरा-अमिनोफिनॉल होते. ते मेंदूत पोचले की एफएएएच त्याला अरॅकिडोनिक आम्ल जोडते आणि एएम४०४ नावाचा रेणू बनतो. तोडणारे एन्झाइम इथे जोडणारे होते. ते काढून टाकलेल्या माउसमध्ये एएम४०४ बनत नाही. तुमच्या प्राण्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक म्हणून पॅरासिटामोल दिले असेल तर एफएएएचच्या प्रयोगात ते निरुपद्रवी नाही.

अडवण्याचा हिशेब

औषधाने मोरी बुजवली की संदेश वाढतो, एवढे साधे असते तर आत्तापर्यंत गोळ्या दुकानात आल्या असत्या. २-एजी सीबी१ ला पूर्ण जागे करते, आनंदामाइड अर्धवट. मॅगल सतत, पूर्णपणे अडवून ठेवले तर सीबी१ थकतो आणि रिसेप्टरची संख्या व प्रतिसाद दोन्ही घटतात. माउसमध्ये हे २०१० मध्ये दिसले. एफएएएच तसेच अडवले तर सहसा असे होत नाही. दोन्ही एकदम अडवले तर प्राण्यात गांजातल्या टीएचसीसारखी पूर्ण लक्षणे दिसतात. म्हणून मॅगलच्या प्रयोगात 'एकच डोस' आणि 'सहा दिवस डोस' हे दोन वेगळे प्रयोग समजा.

एफएएएचच्या बाबतीत दुसरा धडा आहे. गुडघ्याच्या संधिवातावर पीएफ-०४४५७८४५ ची चाचणी २०१२ मध्ये छापून आली. रक्तातले एफएएएच जवळजवळ पूर्ण बंद, आनंदामाइड वाढलेले, पण गुडघा दुखायचा तो दुखतच. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन इथे बीआयए १०-२४७४ या औषधाच्या पहिल्याच मानवी चाचणीत सहा स्वयंसेवकांना रुग्णालयात न्यावे लागले, एक दगावला. २०१७ मध्ये दिसले की ते औषध एफएएएचसोबत एबीएचडी६ आणि इतर अनेक सेरिन हायड्रोलेजांनाही (सेरिन या अमिनो आम्लाच्या जोरावर कापणाऱ्या एन्झाइमांनाही) चिकटत होते. एकाच कुटुंबातली शंभरांहून अधिक भावंडे आणि सगळ्यांचे कुलूप सारखेच. म्हणून 'एफएएएच इनहिबिटर' असे बाटलीवर लिहिलेले असले तरी ते आणखी कुणाला चिकटते, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तपासायची पद्धत तशी स्वस्त आहे. मेंदूचे प्रथिन १ मिग्रॅ/मिली, त्यातले ५० मायक्रोलिटर, त्यात फ्लोरोफॉस्फोनेट-रोडामिन १ मायक्रोमोलर, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे, मग १० टक्क्यांच्या जेलवर. चालू असलेली सेरिन हायड्रोलेजेच रंगतात. एफएएएच ६० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचे एकक) जवळ, मॅगल ३३ ते ३५ मध्ये जोडपट्टीसारखे. औषध आधी घातले तर ज्या पट्ट्या गायब होतील ती त्याची शिकार. एकच पट्टी गेली तर औषध निदान जेलवर दिसणाऱ्या हायड्रोलेजांपुरते नेमके आहे.

आता मराठीतली एक अडचण. रॅटही उंदीर आणि माउसही उंदीर. जेझेडएल१८४ हे मॅगलचे सर्वांत गाजलेले औषध माउसमध्ये झकास चालते, रॅटमध्ये त्याची ताकद बरीच कमी पडते. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत विस्टार रॅटच अधिक. 'उंदरात चालते' असे वाचून जेझेडएल१८४ मागवले आणि परिणाम दिसला नाही, तर दोष हाताचा नाही. रॅटसाठी केएमएल२९ चा विचार करा. एफएएएचसाठी यूआरबी५९७ दोन्हींत चालते.

एफएएएच मोजताना

आधी सरावाबद्दल. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी येईपर्यंत हात चोळत बसू नका. खाटकाकडून ताजा बोकडाचा भेजा आणा, बर्फात. एफएएएच प्रथिन तसे टिकाऊ आहे, त्याची क्रियाशीलता तासा-दोन तासांत मरत नाही. हात बसवायला हे उत्तम.

मेंदूचे वजन करा. दर ग्रॅमला १० मिली थंडगार बफर: ०.३२ मोलर सुक्रोज, २० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १ मिलिमोलर ईडीटीए. टेफ्लॉन-काचेच्या होमोजिनायझरमध्ये दहा-बारा फेऱ्या, भांडे बर्फात बुडवून. १,००० जी वर १० मिनिटे फिरवा, खालचा गाळ (केंद्रके, न फुटलेल्या पेशी) टाकून द्या. वरचे द्रव १,००,००० जी वर एक तास, ४ अंश सेल्सिअसला. गाळ म्हणजे तुमचे पडदे. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर २०,००० जी वर अर्धा तास. माल कमी हाती येतो, पण काम भागते. गाळ सुक्रोजविना बफरमध्ये विरघळवून प्रथिन मोजा, ५ मिग्रॅ/मिलीच्या आसपास आणा, ५० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे ८० ला. पुन्हापुन्हा वितळवू नका.

आता तुमचे 'शून्य वाचन'. सवयीने बहुतेक जण होमोजिनेट करताना पीएमएसएफ टाकतात, प्रथिने वाचावीत म्हणून. पीएमएसएफ सेरिन एन्झाइमांना मारते आणि एफएएएच सेरिन एन्झाइमच आहे. आनंदामाइड तुटू नये म्हणून लोक मुद्दाम पीएमएसएफ घालतात! तयार गोळीच्या मिश्रणातही त्याच जातीचे एईबीएसएफ असू शकते, डब्यावरची यादी वाचा. शून्याचे पहिले कारण हेच निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुसरे कारण पीएच. कॉलेजात पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर तयार असतो म्हणून त्यातच चाचणी लावली जाते. एफएएएचला हवा पीएच ९: १२५ मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए. ट्रिसचा पीएच तापमानाने सरकतो, थंडीत वर आणि उष्णतेत खाली, साधारण दर अंशाला ०.०३. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी १२ अंशांच्या खोलीत ९.० केलेले बफर ३७ अंशांवर ८.३ च्या आसपास येते. म्हणून पीएच ३७ अंशांवरच लावा.

थाळी काळ्या रंगाची, ९६ खाचांची. एका खाचेत एकूण २०० मायक्रोलिटर: १७० बफर, १० पडदे, १० औषध किंवा नुसते द्रावक, आणि शेवटी १० सबस्ट्रेट. सबस्ट्रेट म्हणजे अरॅकिडोनिक आम्लाला जोडलेले ७-अमिनो-४-मिथिलकूमरिन, खाचेत शेवटी २० मायक्रोमोलर होईल असे. तुटले की कूमरिन मोकळे होऊन चमकते: ३५० ते ३६० नॅनोमीटरने उजळवा, ४५० ते ४६० ला वाचा. ३७ अंश, दर मिनिटाला वाचन, ३० मिनिटे. डीएमएसओ मिळून १ टक्क्याच्या आत. पहिल्या दिवशी पडदे बफरने पातळ करून खाचेत ५, १०, २० मायक्रोग्रॅम अशी तीन प्रथिन-मापे लावा. उतार प्रथिनाबरोबर दुप्पट-चौपट होत नसेल तर सबस्ट्रेट संपतोय किंवा पडदे गुठळ्या होऊन बसलेत, आणि पुढचे आकडे बेभरवशाचे.

कोरा नमुना फक्त बफरचा ठेवू नका. पडद्यात यूआरबी५९७ १ मायक्रोमोलर घालून १५ मिनिटे ३७ अंशांवर आधी ठेवलेली खाच हाच खरा कोरा. यूआरबी५९७ कार्बामेट आहे, सेरिनला हळूहळू पक्के चिकटते. सबस्ट्रेटसोबत एकदम टाकले तर अर्धे एन्झाइम तोवर काम करून मोकळे झालेले असते आणि तुम्ही म्हणता औषध कमजोर आहे. एकूण उतारातून हा कोरा उतार वजा केला की उरते ती एफएएएचची क्रिया. मोकळ्या कूमरिनची प्रमाण-रेषा त्याच बफरमध्ये आणि तेवढेच पडदे घालून काढा, कारण पडदे प्रकाश विस्कटतात.

हिशेबाचा नमुना (आकडे केवळ समजण्यासाठी): वजा करून उतार मिनिटाला २०० एकके, प्रमाण-रेषेत १ मायक्रोमोलरला ४,००० एकके. म्हणजे मिनिटाला ०.०५ मायक्रोमोलर. २०० मायक्रोलिटरमध्ये ते १० पिकोमोल. प्रथिन १० मायक्रोग्रॅम, म्हणजे दर मिग्रॅला मिनिटाला १ नॅनोमोल. चूक बहुतेक वेळा २०० मायक्रोलिटरने गुणायचे विसरण्यात होते.

मॅगलला ही पद्धत चालत नाही, आणि त्यासाठी पॅरा-नायट्रोफेनिल अॅसिटेट वापरायचा मोह टाळा. शुद्ध मॅगलला ते ठीक आहे, पण मेंदूच्या गोळ्यात डझनभर एस्टरेजे ते आनंदाने फोडतात आणि पिवळा रंग सगळ्यांचा मिळून येतो. दुसरे, मॅगल अर्धे पडद्याला आणि अर्धे पाण्यात असते. १,००,००० जी नंतरचे वरचे द्रव फेकले तर मॅगलचा मोठा भागही गेला. आणि मोकळे झालेले ग्लिसरॉल मोजायची पद्धत वापरणार असाल तर पडदे ग्लिसरॉल घातलेल्या बफरमध्ये साठवू नका. साठवणीतलेच ग्लिसरॉल एवढे असते की बाकी काही दिसत नाही.

नमुने पुण्याला जाईपर्यंत

आनंदामाइड दर वेळी वेगळे येते त्याचे कारण बहुधा एलसी-एमएस (द्रव्ये वेगळी करून वस्तुमानाने ओळखणारे यंत्र) नाही, सुरी आणि घड्याळ आहे. मृत्यूनंतर कॅल्शियम पेशीत शिरते, नळ उघडतात आणि आनंदामाइड चढत जाते. २-एजी मिनिटांत हलते. मान कापल्यापासून मेंदू गोठेपर्यंत एकात ४० सेकंद आणि दुसऱ्यात चार मिनिटे गेली असतील तर तुम्ही गट मोजत नाही, हाताचा वेग मोजता. वेळ घड्याळावर बांधा, प्रत्येक प्राण्याची सेकंदांत नोंदवा आणि मेंदू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाका. नाशिकमध्ये द्रव नायट्रोजन कुठे मिळतो? गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचे काम करणारे ते नियमित भरून घेतात, तिथे चौकशी करा.

रक्तात तर आणखी फसगत. न फिरवलेल्या रक्तात पेशी आनंदामाइड सोडत राहतात. ईडीटीएची नळी बर्फात, दहा मिनिटांच्या आत ४ अंशांवर फिरवून प्लाझ्मा वेगळा. सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी आणि उपाशीपोटी घ्या.

ही द्रव्ये प्लास्टिकला चिकटतात, विशेषतः पातळ द्रावणात. काचेच्या नळ्या वापरा. २-एजीवरचा अरॅकिडोनिक भाग पाण्यात आपोआप सरकून १-एजी होतो, काही मिनिटांतच. ऊतक आधी बफरमध्ये वाटू नका. गोठलेले असतानाच, अंतर्गत मानक घातलेल्या थंड अॅसिटोनायट्राइलमध्ये वाटा. यंत्रावर आनंदामाइडचा रेणू ३४८ आणि त्याचा तुकडा ६२, तर २-एजीचा रेणू ३७९ आणि तुकडा २८७ या वस्तुमान-आकड्यांवर दिसतो. १-एजीचे वस्तुमान तेच, म्हणून दोन्ही शिखरांची बेरीजच छापा. चार दुहेरी बंधांमुळे प्रमाण-द्रावण हवेने खराब होते, नायट्रोजन फुंकून उणे ८० ला ठेवा.

पुण्यापर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर. जाड थर्माकोलच्या पेटीत पाच-सहा किलो कोरडा बर्फ आणि झाकण हवाबंद नको, वायू बाहेर पडला पाहिजे. मे महिन्यात रात्रीची गाडी धरा. लोडशेडिंगमध्ये फ्रीजर किती वर गेला हे सांगणारा नोंदणारा तापमापक ठेवा, त्याविना 'उणे ८० ला ठेवले' हे वाक्य अर्धेच खरे असते.

फवारणीचा प्रश्न

संबंध आहे, पण सगळ्या फवारण्यांचा नाही. भुरीसाठी गंधक, डावणीसाठी तांब्याचा बोर्डो, यांचा सेरिन हायड्रोलेजांशी काही लेनदेन नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट मात्र त्याच कुलपाची किल्ली आहे. क्लोरपायरीफॉस, जे पिठ्या ढेकणासाठी आणि वाळवीसाठी वापरत आले, यकृतात ऑक्सॉन रूप घेते. ते अॅसिटिलकोलिनएस्टरेजच्या सेरिनवर बसते हे सगळ्यांना माहीत. तेच एफएएएच आणि मॅगलच्या सेरिनवरही बसते. २००८ मध्ये माउसमध्ये दाखवले गेले की काही ऑर्गॅनोफॉस्फेटांनी दोन्ही एन्झाइम एकदम बंद होऊन एन्डोकॅनाबिनॉइड चढतात आणि प्राणी टीएचसी दिल्यासारखा निपचित होतो. वाढत्या वयाच्या रॅटमध्ये तर क्लोरपायरीफॉसच्या ज्या लहान डोसाने मेंदूतले कोलिनएस्टरेज हललेले दिसत नाही, त्यानेही एफएएएच दबलेले आढळले आहे. म्हणून फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची कोलिनएस्टरेज तपासणी ठीक आली म्हणजे या बाजूलाही सारे ठीक, असे त्यातून निघत नाही. उलट त्यावरून माणसाच्या मेंदूतल्या एफएएएचबद्दल काही ठामपणे सांगताही येत नाही. ही प्राण्यांवरची कामे आहेत.

तुमच्या प्रबंधाला याचा थेट उपयोग वेगळा आहे. प्राणिगृहात झुरळे किंवा वाळवीसाठी पेस्ट कंट्रोल कधी झाले आणि कोणते औषध मारले, याची नोंद मागून घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर चिकटलेले एन्झाइम सुटत नाही, नवे प्रथिन बनेपर्यंत थांबावे लागते. पीएमएसएफ काढले, पीएच ९ केला, तरी कंट्रोल गटाचे वाचन खालीच राहिले, तर त्या नोंदवहीतली तारीख पाहा.